दोन मोज, मग हल

ती तारीख तेवढी काढा आधी, काका. हां, तीच — खाली कोपऱ्यात नारिंगी आकडे हायत ना, नव्याण्णव, आठ, चोवीस — ते नकोत. बाकी मग तुमाला काय करायचं ते करा. का म्हंजे? फ्रेमला बरी दिसत नाय. हार घातलेल्या फोटोवर कधी तारीख बघितलीत तुमी? नाय ना, मग. हा कॅमेऱ्याचा मागचा पडदा आगपेटीएवढा हाय, असा उजेडाकडं आडवा धरा — दिसला? डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला, हसतोय बघा. तो दादा. धनेश. माझा थोरला भाऊ. मी निकेश. उद्या तेरावं हाय त्याचं.

नाय, पाणी नको. बसतो, बसतो. पेणवरनं आलो सकाळच्या एसटीनं. गाव खाडीकडं, डोलवीच्या आतल्या अंगाला. रोह्याला उतरून स्टँडवर विचारलं, कॉम्प्युटरवाला फोटो स्टुडिओ कुठं, तर बोलले पूल ओलांडून अष्टमीत जा, तिथं एक हायत. पेणात स्टुडिओ नाय का, तर हायत की, चार-पाच हायत — पण तिथं सगळी ओळखतात. ओळखतात म्हंजे काय, विचारपूस करतात, आणि मग सांगत बसावं लागतं. इथं तुमी मला ओळखत नाय, मी तुमाला ओळखत नाय, काम झालं की मी निघालो. ही वायर पण आणलीय, ती मागं कॉम्प्युटरला लागते. दादा पेणला कॉम्प्युटर क्लासमधे लावायचा. एकेक फोटो खाली उतरायला मिनिटभर घेतो, घाई करून चालत नाय, तेवढं सांगून ठेवतो. सोळा हायत. सोळाच मावतात त्यात. सतरावा काढायचा तर एक पुसायचा, असा नियम. दादा संध्याकाळी पडवीत बसून ठरवायचा कुठला पुसायचा — तोंड असं करायचा, जसा काय पोटचा पोर देतोय कुणाला.

दुसरा नाय फोटो. अहो, असता तर आलो असतो का? इलेक्शनचं कार्ड होतं, ते खिशात ठेवून हा गडी खाडीत उतरला, त्याचा लगदा झाला. लग्नाबिग्नातले बघितले, चुलतबहिणीच्या अल्बममधे एक सापडला, त्यात दादाची पाठ आणि हातात भाताचं घमेलं. आमची आय — इंदुबाई — तिनं आमाला लहानपणी कधी फोटो काढूच दिला नाय. तिच्या डोक्यात बसलेलं, फोटो काढला की आयुष्य कमी व्हतं. शाळेत फोटोवाला आला की त्या दिवशी आमी दोघं घरी. मी तर पुढं शाळाच सोडली, पाचवीत, तो भाग वेगळा. आणि मोठेपणी कॅमेरा हातात आला तो दादाच्याच. जो काढतो त्याचा फोटो कोण काढणार? 

लागली का वायर? दिवा लागला ना हिरवा? मग येतील.

कॅमेरा आमचा नाय तसा. दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात होता, पोपटशेठकडं. आखणीला. आखणी म्हंजे डोळे — अख्खी मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे आखतात, ते काम. पन्नास माणसं असली कारखान्यात तरी आखणीला दोघं-तिघंच, बाकीच्यांचा हात नाय चालत. तर शेठचं अमेरिकेत एक गिऱ्हाईक हाय, बाई, दरसाल मूर्ती नेते. ती बोलली हा माझा जुना कॅमेरा ठेवा, याला रीळ लागत नाय, मूर्तींचे फोटो काढून कॉम्प्युटरवरनं पाठवत जा, मी तिकडनं पसंत करीन. शेठनं आठ दिवस उलटासुलटा केला. स्वतःच्या अंगठ्याचे फोटो काढले सगळे. मग दादाकडं दिला — धन्या, तुझा हात बारीक कामाचा, बघ तुला उमगतंय का. आणि दादाला उमगला, काका. दुसऱ्या कुणाला नाय उमगला. मला तर आजून नाय.

हा बघा, आला पहिला. वरनं खाली पट्ट्या-पट्ट्यानं येतो, जसा काय कोण भिंत सारवतोय. येऊ दे. — डोळा. गणपतीचा एकच डोळा, अख्ख्या पडद्यावर. आता तुमी फोटोवाले, तुमीच सांगा, ह्या डबड्यानं हे निघंल? हातभर अंतराच्या आत नेला की ह्याला काय दिसतच नाय, सगळं धुरकट. मग दादानं काय केलं, पेणला बाजारात घड्याळवाला हाय, त्याच्याकडनं ती डोळ्यात अडकवायची बारकी दुर्बीण आणली, फुटकी, कडा गेलेली, आणि शाडूच्या मातीनं कॅमेऱ्याच्या तोंडावर थापली. वाळली की गळून पडायची. परत थापायची. शेठ बोलला, धन्या, त्या बाईच्या कॅमेऱ्याला तू गणपती करून टाकलास. पण बघा तरी — बुबुळाच्या कडंला तो लाल रेघेचा केस दिसतोय? एका केसाच्या कुंचल्यानं मारलाय. त्या बाईनं त्या एका फोटोवर दीडशे मूर्ती जास्त मागवल्या.

दुसरा — हा, हा मिठाचा. आमच्याकडली मिठागरं. दुपारी काढलं तर मीठ एवढं पांढरं, की कॅमेरा आंधळा होतो, नुसता कागद येतो कोरा. दादा चार दिवस तेवढ्यासाठी उन्हात जायचा, आय शिव्या घालायची, मिठाचा काय फोटो काढतोस, डब्यात हाय ते काढ. मग एक दिवस त्यानं मिठाकडं पाठ केली आणि वाफ्यातल्या पाण्याकडं बघितलं. ह्यात मीठ हाय कुठं, बघा — पाण्यात उलटं. ढीग उलटा, बाई उलटी, डोक्यावरची पाटी खाली. पाण्यात ऊन कमी होतं ना, तेवढ्यात कॅमेऱ्याला दिसायला लागतं. मला बोलला, निक्या, हा कॅमेरा समोरनं बघायला लाजतो, त्याला बाजूनं दाखवावं लागतं. असलं कायतरी बोलायचा. सातवी शिकलेला, पण बोलायचा.

मी कंपनीत कंत्राटावर, शिफ्टला. आता बारा दिवस गेलो नाय, ठेवतात का बघायचं.

हा पण बघा — कारखाना. ह्याला उजेड लागतो लय. ह्याचा तो फ्लॅश मारला तर पुढचा गणपती भुतासारखा पांढराफेक आणि मागं काळोख. फ्लॅश बंद केला तर हा सावकाश उघडतो, मिटतो, आणि तेवढ्यात हात हलला की गेलं. मग दादा शाडूचा एक ओला गोळा घ्यायचा, भाकरीच्या पिठाएवढा, तो लाकडावर आपटायचा आणि त्यात कॅमेरा दाबून बसवायचा. हलायची बात नाय. वाकडा पाहिजे, वाकडा दाबा. खाली पाहिजे, खाली दाबा. तुमच्या त्या तीन पायाच्या घोड्यापेक्षा बरा. आता ह्यात बघा, मूर्ती कशी सुरीसारखी स्वच्छ आलीय आणि तिला उचलणारी माणसं नुसता वारा. चार माणसं हायत ती. एक पण तोंड नाय. दादा बोलला त्यांना मुद्दाम पळवलं. मूर्ती जाग्यावर आणि माणसं धूर. म्हंजे हललेला फोटो पण चांगला असतो, काका, हो ना? हललेला असला म्हणून वाईटच असं नाय. ते काढणाऱ्यावर हाय.

आणि ह्याचा अजून एक आजार. बटण दाबलं की हा लगेच काढत नाय. जरा विचार करतो. दाबलं, एक, दोन, मग आत कुठंतरी च्यक करतो. आपल्याला वाटतं निघाला, आपण हात खाली घेतो, आणि हा तेव्हा काढतो — जमिनीचा. माझे सगळे तसेच. पायाचे, जमिनीचे, कोंबडीच्या अर्ध्या ढुंगणाचे. दादा हसून मरायचा. निक्या, दाबल्यावर दोन मोज, मग हल. दोन मोज, मग हल. शंभर वेळा सांगितलं असंल. मला जमत नाय. मी असा हाय, मनात आलं की झालं, थांबणं आपल्याला जमत नाय. लहानपणापासनं.

हे आयचे हायत. तीन हायत ओळीनं. तिला म्हाईत नाय. हा पाठीचा — पाटीवर सुकट निवडताना. हे नुसते हात. हे पाय, चुलीपुढं. दादा बोलला तोंड नाय काढत, तर तिचं आयुष्य कशाला कमी व्हईल? असा कायदा काढला त्यानं. पण बघा, नुसत्या पायावरनं पण कळतं ना कोण ती. 

थांबा — हा. हा मोठा करा. हा आरशाचा. उजेड कमी पडला की दादा न्हाव्याचा जुना आरसा लावायचा दारात, त्यातनं ऊन आत फेकायचा मूर्तीवर, तसा काढलेला. आता डाव्या अंगाला बघा, आरशाची कड आलीय, त्यात कोण हाय? दादाच हाय. लाल शर्ट. मी कालपासनं विचार करतोय, हा घेता येईल का. पण त्याच्या तोंडावर — व्हय. कॅमेरा हाय तोंडावर. अर्धं कपाळ आणि एक कान. कान त्याचाच हाय, तो वरनं दुमडलेला, जन्मापासनं तसा होता. पण कानाला काय हार घालायचा?

हात एका फोटोत हाय. सावली दोघांत हाय. एवढा माणूस पंधरा फोटोत तुकड्या-तुकड्यानं हाय आणि तोंड कुठं नाय. म्हणून तो शेवटचा. शेवटचा मी काढलेला हाय.

किती झाले? पंधरा ना? आता तोच. आता बघा तुमी, दादा कसा — काय झालं? बंद पडला? हिरवा दिवा गेला? सेल गेले असतील. लय खातो तो सेल. चार पेन्सिल सेल घालायचे आणि अर्ध्या तासात — काय शोधताय? ड्रावरमधे काय — अहो नको! नको, ठेवा ती. ठेवा बोलतो ना टॉर्च खाली!

…माफ करा. ओरडलो. 

टॉर्चचे नाय काढायचे, काका. नाय म्हंजे नाय. तुमची हाय, मला म्हाईत हाय. पण काढले की परत कोण घालणार? आत्ता बोलाल घालतो, आणि मग गिऱ्हाईक येईल, जेवायची वेळ व्हईल, आणि कॅमेऱ्यातले हे मेलेले तुमच्या हाताला लागतील, आणि तुमी बोलाल आत्तापुरते हेच घालून ठेवू, उद्या नवे आणू, आणि झाकण लावून खिळ्याला टांगून द्याल. दिसायला काय फरक हाय? सेल सेलासारखा. मेलेला पण तसाच, जिता पण तसाच. — विकायचे हायत तुमच्याकडं? कपाटात? मग ते द्या की, ते द्या. नवे पाकीट फोडा. मी देतो पैसे.

नाय, फरक असतो. खोटं कशाला बोलू. दादा खूण करायचा. कॅमेऱ्यात संपलेल्या सेलला गुलाबी ठिपका — गणपतीच्या अंगाचा गुलाबी असतो ना, त्याचा, नखाएवढा. कारण कॅमेरा खादाड, त्याच्या लेखी संपला तरी तो सेल घड्याळाला वर्षभर जातो. मग ठिपकावाले सगळे घड्याळाला. एवढं साधं होतं. ठिपका बघायचा, घड्याळात घालायचा.

त्या दिवशी मी शिफ्ट बुडवून घरी होतो. पाऊस थांबलेला, दादा दुपारी आला कारखान्यातनं, जेवून आडवा झाला. गणपतीचे दिवस जवळ आलेले, रात्रंदिवस आखणी चाललेली, डोळे लाल झालेले त्याचे. मी कॅमेरा घेऊन बसलो. पेटंना. मनात आलं की आता पाहिजे म्हंजे आता पाहिजे. दुकान लांब. भिंतीला टॉर्च टांगलेली, ती पण पेन्सिल सेलचीच, तिचे दोन काढले, ह्यात घातले, दोन जुने दोन टॉर्चचे — पेटला. आणि टॉर्चमधे ह्याचे दोन घातले. ठिपकावाले. आंधळा नव्हतो, दादानं आदल्या दिवशीच मारलेला ठिपका दिसत होता मला. चुलीच्या बाजूला ठेवून गरम केले आधी, सगळे करतात, गरम केले की जरा जीव येतो. आणि पेटली होती, काका! मी लावून बघितली होती टॉर्च. पिवळी पेटली, पण पेटली होती. मी बोललो संध्याकाळी नवे आणतो. संध्याकाळपर्यंत कुणाला लागतेय.

तर संध्याकाळी दादा उठला. आमची शेती खाऱ्या जमिनीतली, बांधाच्या पलीकडं खाडी. बांधात उघाडी असते — पाण्याला वाट ठेवलेली, लाकडी फळीची. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरती यायच्या आत फळी पाडायची, नायतर खारं पाणी आत येऊन भात जळतं. त्या दिवशी फळी पाडायची पाळी आमची होती. आमची म्हंजे, माझी होती. पण मी कॅमेरा घेऊन बसलेला बघून तोच उठला. बोलला, तू खेळ, मी जातो. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली, टॉर्च काढली खिळ्यावरची, काखेत मारली, आणि अंगणात उतरला. मी बोललो थांब दादा, नवरी दिसतोस, थांब एक काढतो. तो थांबला. हसला. बोलला काढ, पण आयला सांगू नको — आणि दोन मोज रे, उजेड नाय, दोन मोज, मग हल. मी दाबलं. काखेतली टॉर्च बघून मला आठवलं. त्याच वेळी आठवलं, सेलचं. सांगायला पायजे होतं. तोंड उघडलं पण होतं मी. पण तो वळला आणि आय आतनं ओरडली, कुणाशी बोलतोस रे, आणि मी कॅमेरा पाठीमागं लपवला. 

उजेड होता तोवर, जाताना टॉर्च लागलीच नसंल. येताना लागली असंल. 

रात्र पडली तरी आला नाय, मग आमीच गेलो शोधायला, मी आणि नाथाकाका, चुलता माझा. उघाडीपासनं शंभर पावलं अलीकडं बांधावर बसलेला. पाय धरून. घोणस होती. फळी पाडून आलेला हां, फळी नीट पाडलेली. टॉर्च बाजूला, मागचं झाकण उघडं, एक सेल खाली चिखलात आणि एक त्याच्या मुठीत. त्यानं ते काढून बघितले होते. ठिपका बघितला होता त्यानं. काळोखात दिसला का नसंल दिसला, पण बोटाला लागतो तो रंग, जाड असतो, आणि त्याचं बोट कुणाचं, आखणीवाल्याचं. त्याला कळलं होतं, काका. टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर, पेण यायला अजून अर्धी वाट, मी वाट बघत होतो आता बोलंल, आता शिवी देईल. आणि तो काय बोलला म्हाईत हाय? जीभ जड झालेली. बोलला, निक्या, हलला का रे फोटो?

मी बोललो, नाय दादा. मस्त आलाय.

खोटं नव्हतो बोललो. पडद्यावर बघितला होता मी तो गेल्यावर. आगपेटीएवढ्या पडद्यावर चांगला दिसतोय की, तुमी पण आत्ता बघितलात. बघितलात ना?

तो पेणला पोचला नाय.

तारखेचं आता कळलं असंल तुमाला. पहिल्या दिवशी आय भिंतीवर डोकं आपटत सगळ्यांना विचारत होती, त्याचा फोटो काढलेला का कुणी? खरं सांगा, कुणी काढलेला का? मी बोललो नाय. कुणी नाय काढला. सगळ्यांसमोर बोललो. आता परवापासनं तीच आय चुलीपुढं बसून असते आणि मधेच बोलते, एक तरी काढला असता रे कुणी. माझा पोर डोळ्यापुढनं जायला लागलाय, नाक आठवतं, हनुवटी आठवत नाय. एक तरी काढायचा होतात. आता मी काय करू, सांगा. दिला तर बोलंल फोटोनं खाल्ला, आणि ती खोटी नाय बोलत, काका, फोटोनंच खाल्ला. नाय दिला तर ती हनुवटी शोधत बसलीय. म्हणून बोललो तारीख काढा. आयला वाचता येत नाय पण नाथाकाकाला येतं. सांगणार होतो, मागच्या वर्षीचा हाय, कारखान्यात कुणीतरी काढलेला सापडला.

बसले का सेल? पेटला? बघा, दिवा आला. आता उतरंल तो. 

येतोय. हे झाडाचं — हे आमच्या दारातल्या शेवग्याचं टोक. ही खोळ. निळी होती, इथं काळी दिसते. अजून खाली येऊ दे. आता कपाळ. आता —

हा काय आला? 

मशीन चुकलं तुमचं. परत आणा. परत उतरवा, वायर हलली असंल. नाय, वायर हललीच असंल, कारण पडद्यावर तो हसतोय, दात दिसतात त्याचे, आणि इथं — इथं तर तोंडच नाय. हे काय पुसलेलं, ओल्या रंगावरनं कुणी चिंधी फिरवल्यासारखं? डोळ्याच्या जागी दोन रेघा. लहान करा. अजून लहान करा. अजून. बघा, आता आला ना? आगपेटीएवढा केला की येतो, मोठा केला की जातो. मग आगपेटीएवढाच… नाय. आगपेटीएवढ्याला कुठं हार घालणार. 

तो नाय हलला. तो उभा होता. मी हललो.

मी त्याला बोललो मस्त आलाय. तेवढंच ऐकून गेला तो.

कायतरी करा ना, काका. तुमी फोटोवाले, तुमी ब्रशनं करता की, जुन्या फोटोला नाक-डोळे काढता. दादानं ह्या डबड्याकडनं काय काय करून घेतलं, तुमच्याकडं तर एवढं मोठं मशीन हाय. — काय? नसलेलं कुठनं आणणार. व्हय. खरं हाय ते. नसलेलं कुठनं आणणार.

काय बोललात? माझा?

माझा फोटो कशाला?

…असं करतात लोक? भावाला बसवून? आणि मिशी तुमी वरनं रंगवणार?

दिसतो की. दिसणारच. आय बोलायची, एका साच्यातले दोन गणपती, रंगात तेवढा फरक. कारखान्यात मी डबा द्यायला गेलो की पोपटशेठ पाठीमागनं मलाच धन्या म्हणून हाक मारायचा. पण काका, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाय. आय घालंल, कुंकू लावंल, उदबत्ती फिरवंल, रोज सकाळी समोर उभी राहील — कुणासमोर? माझ्यासमोर? मी तिकडं पडवीत चहा पीत बसलेला आणि मीच भिंतीवर?

आयुष्य कमी व्हतं का, तुमी सांगा, एवढे फोटो काढलेत तुमी लोकांचे. 

व्हऊ दे.

तारीख नाय ना येत ह्यावर? मग झालं. मग कुणाला काय सांगायला नको. कुठं बसू, ह्या स्टुलावर? शर्ट — त्याचा लाल होता, कॉलरवाला. नाय, असू दे, रंग तुमी कराल. मिशी जाड नको, अशी ओठाच्या वर, कडंला जरा कमी. उजवा कान वरनं दुमडा. तेवढं विसरू नका, आय आधी कान बघंल. हनुवटी माझीच ठेवा, तीच होती. आणि डोळे शेवटी करा, काका. सगळं झाल्यावर. त्याचा डावा जरा बारीक होता, आखणी करताना सारखा मिटून मिटून. माझ्यासारखे नका ठेवू. माझे ठेवलेत तर तिला कळंल.

दिवे लय गरम हायत तुमचे. इकडं बघू? वर?

तुमचं पण हळू हाय का मशीन? नाय, दाबा तुमी. ह्या खेपेला नाय हलणार. तुमी सांगेपर्यंत नाय हलणार. बोलायचं पण नाय? बरं. एक —